उभ्या रेषेचा चढ अडतो तो कुठे?

मुंबईकडून नाशिकला येणाऱ्या लांब पल्ल्याच्या बहुतेक गाड्या कसाऱ्याला थांबतात आणि मागच्या बाजूने त्यांना जादा इंजिनं जोडली जातात. रेल्वेत त्यांना बँकर म्हणतात. पुढे थळ घाट लागतो आणि त्या घाटातला सर्वांत कडक चढ ‘३७ ला १’ आहे. रूळ ३७ मीटर पुढे जातात तेवढ्यात १ मीटर वर चढतात. (अंतर रुळावरून मोजलं की आडवं मोजलं, हा फरक इतक्या कमी चढाला नगण्य आहे.) अंशांत मांडलं तर हा कोन जेमतेम दीड अंशाच्या वर जातो. पण पोलादी चाकाची पोलादी रुळावर पकड मुळातच कमी, त्यामुळे एवढ्याशा चढालाही मागून रेटा लागतो. इगतपुरीला घाटमाथा आला की बँकर सुटतात.

‘३७ ला १’ एवढ्यात चढाची सगळी व्याख्या आली. वर किती गेलो, भागिले पुढे किती गेलो. १ ÷ ३७, म्हणजे साधारण ०.०२७. दहावीच्या निर्देशक भूमितीत हेच जरा औपचारिक कपड्यात येतं: रेषेवरचे दोन बिंदू घ्या, त्यांच्या वाय निर्देशकांतला फरक काढा, एक्स निर्देशकांतला फरक काढा, पहिल्याला दुसऱ्याने भागा.

हा हिशेब सगळीकडे चालतो. इमारतीच्या दारात चाकाच्या खुर्चीसाठी रॅम्प करायचा तर १२ ला १ हे प्रमाण धरतात, म्हणजे चढ ०.०८३. ४५ अंशांच्या रेषेवर जितकं पुढे तितकंच वर, म्हणून चढ १. आणि १ च्या पलीकडचा चढ कसा असतो, ते त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या हरिहर किल्ल्याच्या कातळकोरीव पायऱ्या चढलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. तिथली चढण ८० अंशांच्या आसपास धरली तर चढ ५.६७ येतो. एक हात पुढे सरकायचं तर साडेपाच हातांहून जास्त वर जायचं. पायऱ्यांच्या कडेला कोरलेल्या खोबण्यांत बोटं रुतवतच माणूस वर पोहोचतो.

०.०२७, ०.०८३, १, ५.६७. आता कडा पार सरळसोट उभा करा, ओळंबा लावला तर दोरी कातळाला समांतर राहील इतका. त्याचा आकडा कोणता?

पुस्तकात याचं उत्तर एका ओळीत आहे: वाय-अक्षाचा आणि त्याला समांतर असणाऱ्या रेषांचा चढ ठरवता येत नाही. मुलं ही ओळ पाठ करतात. मग परीक्षेत काही जण चढ शून्य लिहितात, काही जण अनंत लिहितात, काही जण ‘शून्याने भागता येत नाही’ असं लिहून पुढच्या प्रश्नाकडे वळतात. तिसऱ्या उत्तरात चूक काहीच नाही, पण का भागता येत नाही हा प्रश्न ते तसाच पुढे ढकलतं. मला या पाठांतराची हळहळ वाटते, कारण शालेय गणितात इतकी नेटकी आणि इतक्या बाजूंनी तपासता येणारी गोष्ट क्वचित भेटते.

शून्याचं आधी उरकून टाकू. चढ शून्य असतो तो आडव्या रेषेचा. वारा पडलेला असताना गंगापूर धरणाच्या पाण्यावर कितीही पुढे गेलात तरी उंची बदलत नाही. वरचा फरक ०, पुढचा फरक काहीही, भागाकार ०. हा पक्का आकडा आहे. आडव्या रेषेला चढ आहे आणि त्याची किंमत शून्य आहे. उभी रेषा या बाबतीत अगदी दुसऱ्या टोकाला आहे.

दोन बिंदू, तीन वाटा

आलेखकागदावर अ (३, २) आणि ब (३, ६) हे बिंदू काढा. दोघांचाही एक्स निर्देशक ३, म्हणून त्यांना जोडणारी रेषा उभी. वायमधला फरक ६ − २ = ४. एक्समधला फरक ३ − ३ = ०. चढ काढायचा तर ४ ÷ ० करायला हवं.

भागाकार हा उलटा गुणाकार असतो. १२ ÷ ३ चं उत्तर ४ येतं, कारण ४ × ३ = १२. त्याच न्यायाने ४ ÷ ० चं उत्तर म्हणून अशी संख्या हवी, जिला शून्याने गुणल्यावर ४ मिळतील. ७ घ्या, शून्य मिळतं. दहा लाख घ्या, शून्य. ऋण संख्या घ्या, अपूर्णांक घ्या, २ चं वर्गमूळ घ्या, प्रत्येक वेळी शून्यच. अशी संख्या अजून कुणाला सापडली नाही असं नव्हे, ती असूच शकत नाही.

आता भागाकाराला हातही न लावता तोच प्रश्न विचारून बघू. ही वाट मला जास्त आवडते. रेषेचं समीकरण आपण वाय = एम × एक्स + सी असं लिहितो. त्यातला एम म्हणजे चढ आणि सी म्हणजे रेषा वाय-अक्षाला जिथे छेदते ती जागा. आपली उभी रेषा या साच्यात बसवायची तर अ आणि ब या दोन्ही बिंदूंनी समीकरण पाळलं पाहिजे. अ साठी:

२ = ३ × एम + सी

ब साठी:

६ = ३ × एम + सी

उजव्या बाजू अक्षरशः एकच आहेत. म्हणजे २ आणि ६ समान ठरतात! एमला हवी ती किंमत द्या, सीला हवी ती द्या, ही अडचण सुटत नाही. शून्याने भागायचा विषयही निघाला नाही, तरी आपण त्याच जागी येऊन थांबलो. कारण या साच्याची एक अट आहे: एक्सची एक किंमत दिली की वायची एकच किंमत मिळायला हवी. उभ्या रेषेवर एक्स ३ असताना वाय वाटेल तो असतो, आणि एक्स ३ नसेल तिथे रेषेचा एकही बिंदू नाही. आणखी एक पाहा: ही रेषा वाय-अक्षाला समांतर आहे, त्याला ती कधी भेटतच नाही. मग सी तरी कुठून आणायचा?

तिसरी वाट त्रिकोणाची. चढ मोजताना आपण दर वेळी नकळत एक काटकोन त्रिकोण काढत असतो. पाया म्हणजे पुढे गेलेलं अंतर, उभी बाजू म्हणजे वर गेलेलं अंतर, कर्ण म्हणजे रेषेचा तुकडा. एकाच रेषेवर लहान त्रिकोण काढा किंवा मोठा काढा, ते समरूप असतात. म्हणूनच कोणतेही दोन बिंदू घेतले तरी चढ तोच येतो, आणि म्हणूनच ‘रेषेचा चढ’ असं एकवचनी बोलण्याला अर्थ आहे. रेषा उभी झाली की पाया नाहीसा होतो आणि कर्ण उभ्या बाजूवर जाऊन बसतो. त्रिकोणच राहिला नाही तर त्याच्या बाजूंचं गुणोत्तर कुठलं?

इथेच ० ÷ ० बद्दलही बोलायला हवं, कारण ते ४ ÷ ० पेक्षा वेगळं प्रकरण आहे आणि मुलं दोन्ही एकाच खात्यात टाकतात. समजा अ आणि ब हा एकच बिंदू आहे, दोन्ही (३, २). वरचा फरक ०, खालचा फरक ०. आता शून्याने गुणल्यावर ० देणारी संख्या शोधायची आहे, आणि अशा संख्या हव्या तेवढ्या आहेत. ५ चालेल, −८ चालेल, ०.०२७ सुद्धा चालेल. भूमितीही तेच सांगते: एका बिंदूतून कितीही रेषा जातात, प्रत्येकीचा चढ वेगळा. म्हणजे एकच बिंदू दिला तर उत्तरांची गर्दी होते, आणि उभी रेषा दिली तर एकही उत्तर मिळत नाही. भागाकार दोन्हीकडे अडतो, पण कारणं एकमेकांच्या उलट आहेत.

मग अनंत लिहू का?

“मॅडम, इन्फिनिटी लिहिलं तर मार्क जातील का?” दहावीच्या वर्गात हा प्रश्न हमखास येतो, आणि विचारणारा मुलगा किंवा मुलगी बहुधा विचार करणारी असते. ०.०२७ पासून ५.६७ पर्यंत चढ वाढत जाताना तिने पाहिलेला असतो. पुढे तो वाढतच जाणार आणि शेवटी अनंत होणार, हा अंदाज तिने स्वतःच्या डोक्याने बांधलेला असतो. त्याला ‘असं लिहायचं नसतं’ एवढंच उत्तर देणं मला पटत नाही. तिला हिशेब करायला द्यावा.

अ आहे तिथेच (३, २) वर ठेवा. ब ला वायच्या ६ या उंचीवरच राहू द्या, पण उजवीकडून हळूहळू ३ कडे आणा. ब (४, ६) वर असताना चढ ४ ÷ १ = ४. ब (३.१, ६) वर आला की ४ ÷ ०.१ = ४०. (३.०१, ६) वर ४००. (३.००१, ६) वर ४०००. इथपर्यंत मुलीचा अंदाज तंतोतंत खरा आहे. कितीही मोठा आकडा सांगा, ब ला पुरेसं जवळ आणून त्याच्याही पुढे जाता येतं.

आता ब ला डावीकडून आणा. (२, ६) वर चढ ४ ÷ (−१) = −४. (२.९, ६) वर −४०. (२.९९, ६) वर −४००. (२.९९९, ६) वर −४०००. रेषा त्याच उभ्या रेषेकडे येते आहे, पण आकडे धन अनंताकडे न जाता ऋण अनंताकडे पळत आहेत.

त्रिकोणमितीच्या तक्त्यातही हेच दडलेलं आहे. चढ म्हणजे एक्स-अक्षाशी होणाऱ्या कोनाचं टॅन. टॅन ८९ अंश म्हणजे ५७.२९. टॅन ८९.९ अंश जवळपास ५७३. टॅन ८९.९९ अंश जवळपास ५७३०. आणि ९० ओलांडून ९१ ला गेलात की एकदम −५७.२९. मध्ये फक्त दोन अंश, पण आकड्याने एका टोकावरून थेट दुसऱ्या टोकावर उडी मारली. टॅन ९० च्या जागी तक्त्यात आकडा नसतो तो यामुळे.

चिन्हाचा हा घोळ नीट समजून घेण्यासाठी पुन्हा घाटात जाऊ. कसाऱ्याहून इगतपुरीला जाताना चढण लागते, परत येताना तोच उतार. पण आलेखावरची रेषा प्रवासी कुठे निघाला आहे ते विचारत नाही. अ आणि ब यांची अदलाबदल केली तर वरच्या फरकाचं चिन्ह बदलतं, खालच्याचंही बदलतं आणि भागाकार तोच राहतो. चढाचं चिन्ह ठरतं ते एकाच गोष्टीवर: एक्स-अक्षावर उजवीकडे सरकताना रेषा वर जाते की खाली. उभी रेषा उजवीकडे सरकतच नाही. तिला धन म्हणावं की ऋण, हे ठरवायला काही आधारच मिळत नाही, आणि म्हणून धन अनंत किंवा ऋण अनंत यांपैकी एक निवडून लिहिणं हे मनानेच घातलेलं उत्तर होतं.

थोडं आणखी खोलात जायची तयारी असेल तर हे पाहा. चढ ० असलेली रेषा आणि चढ १ असलेली रेषा यांच्यात ४५ अंशांचा कोन असतो. चढ १०० आणि चढ १००० यांच्यात मात्र जेमतेम अर्धा अंश! आणि चढ १००० व चढ −१००० या दोन रेषा एकमेकींपासून साधारण ०.११ अंशावर आहेत. कागदावर काढल्या तर पेन्सिलीच्या एका रेघेत दोन्ही मावतील. आकड्यांत त्यांच्यात २००० चं अंतर, प्रत्यक्षात त्या एकमेकींना जवळजवळ चिकटलेल्या. म्हणजे उभ्या रेषेच्या आसपास चढ हे माप आपल्याला जे दाखवतं, ते डोळ्यांना दिसणाऱ्या चित्राशी जुळत नाही.

गणितज्ञांनी यावरही तोड काढलेली आहे. संख्यारेषेची दोन्ही टोकं वाकवून एकत्र आणायची आणि तिथे एकच जादा बिंदू बसवायचा, धनही नाही आणि ऋणही नाही असा अनंत. प्रक्षेपीय भूमितीत हे रोज वापरतात. एका बिंदूभोवती रेषा फिरवत नेली की १८० अंशांनी ती परत मूळ जागी येते, तसाच तिचा चढही या वर्तुळावर फिरून परत येतो, वाटेत त्या जादा बिंदूवरून जातो आणि कुठेही अडत नाही. त्या अर्थाने उभ्या रेषेचा चढ अनंत म्हणता येतो, आणि म्हणूनच त्या मुलीच्या अंदाजाला मी चूक म्हणणार नाही.

पण याची किंमत मोजावी लागते. हा अनंत बिंदू साध्या संख्यांसारखा वागत नाही. लंब रेषांच्या चढांचा गुणाकार −१ येतो, असा नियम आहे. आडवी आणि उभी रेषा एकमेकींना लंब आहेत यात कुणालाच शंका नाही. मग ० × अनंत = −१ म्हणायचं का? असं ठरवलं तर पुढच्या ओळीत कुणीही दुसरा आकडा काढून दाखवेल. शाळेत चढ घेऊन पुढे बेरीज, गुणाकार, तुलना सगळं करायचं असतं, म्हणून तिथे या बिंदूला प्रवेश न देणंच योग्य. आणि मार्कांचं म्हणाल तर, ‘ठरवता येत नाही’ हेच लिहा.

आठ वाजता सगळीकडे असलेली गाडी

चढ म्हणजे फक्त डोंगरउतार नव्हे, तो बदलाचा दर असतो. आडव्या अक्षावर वेळ घ्या, उभ्या अक्षावर नाशिकरोडपासूनचं अंतर घ्या, आणि इगतपुरीकडे निघालेल्या गाडीचा आलेख काढा. या आलेखाचा चढ म्हणजे गाडीचा वेग. साधारण ५० किलोमीटरचं अंतर तासाभरात कापलं तर चढ ५०. अर्ध्या तासात कापलं तर १००. गाडी उभी असेल तर अंतर बदलत नाही, रेषा आडवी, वेग शून्य.

या आलेखावर सकाळी ८ वाजता एक उभी रेषा काढली तर ती काय सांगेल? गाडी ८ वाजता नाशिकरोडला आहे. ८ वाजता देवळालीला आहे. लहवित, अस्वली, पाडळी, घोटी, इगतपुरी, सगळीकडे ८ वाजताच आहे. ८ च्या आधी ती कुठेच नव्हती आणि नंतरही कुठेच नाही. ही गाडी इगतपुरीकडे चालली आहे की नाशिकरोडकडे येते आहे, तेही या रेषेवरून कळत नाही. ‘फार वेगात’ हे तिचं वर्णन होऊ शकत नाही. जिथे वेळ पुढे सरकतच नाही तिथे तासाला किती किलोमीटर, हा प्रश्न लागूच पडत नाही.

आता अक्षांची अदलाबदल करा. आडव्या अक्षावर अंतर, उभ्या अक्षावर वेळ. कागद तेवढाच, गाडीही तीच. आता इगतपुरीला पाच मिनिटं थांबलेली गाडी उभ्या रेषेने दिसेल: अंतर बदललं नाही, वेळ मात्र पाच मिनिटांनी पुढे गेली. यात चमत्कारिक काहीच नाही, गाड्या रोज थांबतात. मात्र या आलेखाचा चढ म्हणजे ‘एका किलोमीटरला किती मिनिटं’, आणि थांबलेल्या गाडीला हा प्रश्न विचारला की ५ ÷ ० समोर येतं. नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानाच्या जॉगिंग ट्रॅकवर पळणाऱ्यांनी हे मोबाइलवर पाहिलेलं असेल. पळताना पेस दिसतो, किलोमीटरला सहा मिनिटं, सात मिनिटं. दम खायला थांबलात की बऱ्याच ॲपमध्ये आकड्याच्या जागी नुसत्या आडव्या रेघा येतात. तुमच्या थांबण्यात बिघाड नसतो. वेग विचारला असता तर शून्य हे सरळ उत्तर मिळालं असतं. एकच स्थिती एका गुणोत्तरात शून्य देते आणि उलट्या गुणोत्तरात काहीच देत नाही.

मला या विषयात सांगायचं आहे ते हेच. उभी रेषा ही पूर्ण निरोगी रेषा आहे. तिच्यावरची अंतरं मोजता येतात, तिचा कोन ९० अंश असा ठणठणीत सांगता येतो, तिचं समीकरण एक्स = ३ इतकं सोपं आहे. चढ काढताना आपण दोन आकड्यांचा, वर किती आणि पुढे किती यांचा, एकच आकडा करतो. त्या एकत्र करण्यात एक दिशा निसटते, ती नेमकी उभी दिशा.

आपल्या गणितींनी या जागेवर फार पूर्वीपासून विचार केला आहे. ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्ये शून्यासह गणित करण्याचे नियम मांडले, तेव्हा शून्य भागिले शून्य हे शून्यच धरलं. नवव्या शतकातल्या महावीराचार्यांनी शून्याने भागलेली संख्या तशीच राहते असं म्हटलं. इ. स. १११४ मध्ये जन्मलेल्या भास्कराचार्यांनी ‘बीजगणित’ या ग्रंथात ३ भागिले ० हेच उदाहरण घेतलं आणि अशा राशीला ‘खहर’ म्हटलं, जिच्या छेदात शून्य आहे ती. ही राशी अनंत, तिच्यात कितीही मिळवा किंवा तिच्यातून कितीही काढा, ती बदलत नाही. सृष्टी निर्माण होताना आणि लय पावताना असंख्य जीव बाहेर पडले वा आत सामावले तरी अच्युतात फरक पडत नाही, तसं. मनमाड ओलांडून चाळीसगावला उतरलं की जवळच पाटणादेवीचा परिसर आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापन केल्याचं सांगणारा १२०७ चा शिलालेख तिथलाच. आपल्या ४, ४०, ४००, ४००० या आकड्यांत खहराची चाहूल स्पष्ट लागते. प्रश्न येतो तो परत फिरताना. ३ ÷ ० आणि ७ ÷ ० दोन्ही अनंतच असतील, तर शून्याने परत गुणल्यावर ३ मिळवायचे की ७?

आजचे संगणक या प्रश्नाशी रोज झगडतात. संगणकाने आकडेमोड कशी करायची हे सांगणाऱ्या, १९८५ मध्ये ठरलेल्या आयईईई ७५४ या मानकात धन शून्य आणि ऋण शून्य अशी दोन शून्यं ठेवली आहेत. ४ ला धन शून्याने भागलं तर धन अनंत, ऋण शून्याने भागलं तर ऋण अनंत. आपण ब ला उजवीकडून आणि डावीकडून आणलं, तीच गोष्ट तिथे यंत्राच्या नियमात लिहिलेली आहे. पायथनसारखी प्रोग्रॅमिंगची भाषा मात्र भागाकार करायलाच नकार देते आणि चूक दाखवून थांबते. म्हणून दिशा काढायची असते तेव्हा जाणता प्रोग्रॅमर चढ काढायच्या भानगडीत पडत नाही. एटॅन-टू नावाचं फंक्शन वायमधला फरक आणि एक्समधला फरक हे दोन्ही वेगवेगळे मागतं, भागाकाराच्या आधीच. त्याला ४ आणि ० दिले की ते शांतपणे ९० अंश सांगतं.

नाशिकच्या अंबड आणि सातपूर एमआयडीसीत व्हीएमसी मशिनवर (संगणकाच्या आज्ञांनुसार धातू कापणाऱ्या यंत्रावर) काम करणाऱ्या ऑपरेटरला तर हा प्रश्न पडतच नाही. सरळ रेषेत कटर न्यायचा तर जी०१ ही आज्ञा देऊन पुढे फक्त शेवटच्या बिंदूचे एक्स आणि वाय लिहायचे. कटर (३, २) वर असेल आणि (३, ६) हा बिंदू दिला तर एक्सची मोटर जागची हलत नाही, वायची फिरते आणि उभी रेषा कापली जाते. चढ कुणी विचारलाच नाही, त्यामुळे शून्याने भागायची वेळही आली नाही.

परीक्षेपुरतं सांगायचं तर खोच येते ती एकरेषीय, म्हणजे एकाच रेषेवरच्या, बिंदूंच्या प्रश्नात. अ (३, २), ब (३, ६), क (३, −५) एकरेषीय आहेत का? मुलं अब चा चढ काढायला जातात, ४ ÷ ० वर अडतात, आणि उत्तर ‘एकरेषीय नाहीत’ असं लिहून मोकळी होतात. ‘अब चा चढ = बक चा चढ’ असंही लिहू नका, कारण जे ठरवताच येत नाही ते कशाच्याही बरोबरीचं म्हणता येत नाही. तिन्ही बिंदूंचे एक्स निर्देशक ३ आहेत, म्हणून तिन्ही एक्स = ३ या रेषेवर आहेत, एवढं लिहिलं की उत्तर पूर्ण झालं.

सगळ्याच रेषांना चालेल अशी एक कसोटी हवी असेल तर भागाकाराऐवजी तिरका गुणाकार करा. अब मधला वायचा फरक गुणिले बक मधला एक्सचा फरक हा एक गुणाकार. बक मधला वायचा फरक गुणिले अब मधला एक्सचा फरक हा दुसरा. दोन्ही सारखे आले की बिंदू एकरेषीय (तिन्ही बिंदू वेगवेगळे असावेत एवढीच अट). वरच्या बिंदूंसाठी पहिला ४ × ० = ०, दुसरा −११ × ० = ०. सारखे आले. आता क ला (५, −५) वर हलवून बघा. पहिला ४ × २ = ८, दुसरा −११ × ० = ०. ८ आणि ० सारखे नाहीत, म्हणून हा क त्या उभ्या रेषेबाहेर आहे.